उजव्या हाताचं कौतुक

माझ्या मुलीचा उजवा हात सगळ्या गल्लीला ठाऊक होता. ती पाच-साडेपाच महिन्यांची असेल तेव्हाची गोष्ट. तिच्यापुढं खुळखुळा धरला की तो हात झपकन पुढं यायचा. आमच्या सासूबाई दारावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून ते दाखवायच्या. "बघा की पावणं, कसं उजव्या हातानं घेतंय! कुणी शिकवलं न्हाय की सांगितलं न्हाय." भाजीवाल्यानं पाहिलं, गॅसची टाकी आणणाऱ्यानं पाहिलं, समोरच्या काकूंनी तर रोजच पाहिलं. सगळे म्हणायचे, वळण चांगलं आहे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या नव्हेत, पण आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. उजव्या हाताच्या बाबतीत आत्या फार कडक. नवीन लग्न होऊन आले तेव्हा एकदा उजव्या हातात ताट होतं म्हणून मी डाव्या हातानं त्यांच्यापुढं चहाचा कप धरला. त्यांनी तो घेतलाच नाही. नुसत्या बघत राहिल्या, मी ताट खाली ठेवून हात बदलेपर्यंत. अशा बाईची नात न शिकवता उजवा हात पुढं करते म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं नसतं तरच नवल.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम करते. ओतकामाच्या साच्याचे दोन भाग नीट जुळले नाहीत, की निघालेल्या कास्टिंगवर एका बाजूला बारीक पायरी राहते. डोळ्याला दिसत नाही, पण बोट फिरवलं की कळतं. दिवसभर मी तेच करते, ही बाजू आणि ती बाजू. सवयच ती, घरी आल्यावर सुटत नाही. बाळंतपणाच्या रजेत मुलीला मांडीवर घेऊन मालीश करताना माझे दोन्ही हात तिच्या दोन्ही हातांवरून एकदमच फिरायचे, आणि मला ते सारखे लागायचे नाहीत.

उजवी मूठ केव्हाच उघडली होती. डावी आवळलेली असायची आणि अंगठा आत. तो बाहेर काढायला गेलं की सगळा हात कोपरातून ताठ व्हायचा. पालथी पडायला लागली तेव्हा आत्यांनी गल्लीत साखर वाटली. पण ती पडायची ती कायम एकाच कुशीवरून, डावा हात अंगाखाली अडकायचा आणि तिला तो काढता यायचा नाही. मग ती भोकाड पसरायची. आत्या म्हणायच्या, "रागीट हाय, आईवर गेलीया." मूठ दाखवली तर म्हणायच्या, "लक्ष्मी धरून ठेवलीया तिनं मुठीत. तू कशाला उघडतीस?"

एका संध्याकाळी मी नवऱ्याला समोर बसवलं. खुळखुळा तिच्या डाव्या बाजूला धरला. उजवा हात अंगावरून पलीकडं आला आणि घेऊन गेला. अजून डावीकडं धरला. ती वळली, कण्हली, पण आला तो उजवाच. नवरा हसायला लागला. म्हणाला, "कारखान्यात कास्टिंग तपासतेस ते तपास की. आता पोरगीपण रिजेक्ट करणार काय?"

मी खुळखुळा त्याच्या अंगावर फेकला. गंमत करत होता हे मला कळत होतं. पण मला भीती वाटत होती, आणि घरात तिची चेष्टा होत होती. त्यानंतर तो गंभीर झाला, आणि गंभीर होऊन नेमकं आत्यांकडं गेला. आत्या बाहेर येऊन म्हणाल्या, "थांब जरा. परतेक लेकरू येगळं असतंय. कोण आधी बसतंय, कोण आधी बोलतंय. ह्यानंच चालायला किती येळ लावलाता, इचार त्याला." नवऱ्यानं मान डोलावली, जसं काही ते त्याला आठवतच होतं.

मूल मूल वेगळं असतं हे मला मान्य होतं. कुणी उशिरा बसलं म्हणून मी घाबरणारी नव्हे. पण हे उशिराचं नव्हतंच. एकाच अंगाला दोन हात होते, आणि त्यातला एक वयाप्रमाणं चालत होता आणि दुसरा मागं राहिला होता. हे मी परोपरीनं सांगितलं, पण घरात त्याला माझा चिडका स्वभाव एवढंच नाव मिळालं.

सातव्या महिन्यात उष्टावण केलं. माझा भाऊ माहेराहून, गडहिंग्लजकडच्या नेसरीहून आला, मामानंच पहिली खीर भरवायची असते म्हणून. चांदीची वाटी, सोन्याची अंगठी, पाटाभोवती रांगोळी, समोरच्या काकू आणि गल्लीतल्या चार बायका. खीर भरवून झाली आणि आत्यांनी ताट आणलं. त्यात पेन, आरसा, मातीचा गोळा, झांज आणि माझ्या कामातली छोटी स्टीलची पट्टी मांडली होती. मूल ज्याला हात घालेल ते त्याचं पुढचं आयुष्य, अशी ही गंमत. सगळे मोबाइल काढून तयार होते.

ती नुकतीच आधाराशिवाय बसायला लागली होती. पेन तिच्या डाव्या गुडघ्याला लागून होतं, अगदी टेकून. तिची नजर त्या पेनावर गेली. डोळे चमकले. मी तिचा डावा हात बघत होते. तो कमरेशी दुमडलेला, मूठ झाकलेली, तसाच राहिला. उजवा हात पोटावरून फिरून आला, त्याच्या ओढीनं सगळं अंग पिळवटलं, पेन हातात आलं आणि ती तोंडावर ताटात पडली. पडताना मूल हात टेकतं. तिनं डावा हात टेकला नाही.

टाळ्या वाजल्या. "वकील होणार! उजव्या हातानंच घेतलं बघा!" ती रडत होती आणि बायका हसत होत्या. भावानं तिला उचललं, कपाळाची माती पुसली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. गडहिंग्लजकडच्या पद्धतीनं तो मला अक्का म्हणतो.

"अक्का, काय झालं गं?"

"हिचा डावा हात बघ."

त्यानं तिची मूठ आपल्या बोटानं उघडून बघितली, सोडली, ती पुन्हा मिटली. दुसऱ्या हाताची बघितली. "मग दाखव की डाक्टरला. थांबलीस कशाला?"

आत्यांनी ते ऐकलं. "आज चांगल्या दिवशी अभद्र बोलू नका दोघं भावंडं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता, आणि भाऊ पाहुणा, त्यामुळं तो गप्प बसला. मी बसले नाही. चार बायकांसमोर मी म्हणाले की उद्या मी हिला दवाखान्यात नेणार, कुणी येवो न येवो. त्या दिवशी जेवणाच्या पंक्तीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या नेसून तयार होऊन दारात उभ्या. "मीबी येतो," म्हणाल्या. कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात. त्या मला खोटं पाडायला येत होत्या, हे त्यांनी लपवलं नाही.

बालरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी मध्ये न बोलता माझं ऐकलं, त्यानंच मला रडू यायला लागलं. मग त्यांनी मुलीला उताणं झोपवलं आणि एक मऊ रुमाल तिच्या तोंडावर अलगद टाकला. उजवा हात वर आला आणि रुमाल ओढून फेकला. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, बघ म्हणून. डॉक्टरबाईंनी हसून मुलीचा उजवा हात आपल्या हातात धरला आणि रुमाल पुन्हा टाकला.

रुमालाखाली ती हलली. डावा खांदा वर उचलला गेला, कोपर थरथरलं, मूठ छातीपर्यंत आली आणि तिथंच अडकली. रुमाल श्वासासरशी आत-बाहेर होत होता. तिनं डोकं इकडून तिकडं केलं, रुमाल सरकला पण निघाला नाही, आणि ती रडायला लागली. क्षणभराचंच होतं ते सगळं. माझ्यासाठी ते संपता संपेना.

"काढा की ते!" आत्या ओरडल्या. डॉक्टरबाईंच्या आधी त्यांनीच रुमाल ओढला आणि लेकराला छातीशी घेतलं.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, या वयात मुलाला उजवं-डावं नसतं. दोन्ही हात सारखे चालायला हवेत. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरायला लागलं, तर तो हात हुशार असतो असं नाही. दुसऱ्याला काहीतरी अडचण असते."

आत्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला. मी बरोबर ठरले होते. असं बरोबर ठरणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मला आत्यांच्या जागी असायला आवडलं असतं, चुकलेलं.

पुढं तपासण्या झाल्या. मेंदूच्या उजव्या बाजूला लहानशी इजा आहे, बहुधा जन्माच्या आधीचीच, असं कळलं. मेंदूची ती बाजू डावा हात चालवते. कुणाचं काही चुकलं नव्हतं, असं डॉक्टरबाईंनी तीन तीनदा सांगितलं. माझ्या गरोदरपणातली ग्रहणं आणि प्रवास आत्या मनातल्या मनात तपासत असणार हे त्यांनी ओळखलं असावं. हात पूर्ण सुधारेल का, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. सांगता येणार नाही. पण मेंदू आता शिकायच्या वयात आहे, जेवढं आता कराल तेवढं लागू पडेल.

आम्हाला एका थेरपिस्ट बाईंकडं पाठवलं. आत्याही बरोबर आल्या. त्यांनी सांगितलेलं ऐकायला फार सोपं होतं. रोज थोडा वेळ, त्या सांगतील तेवढाच, उजव्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि खेळ डाव्या बाजूला ठेवायचे. बाकीच्या वेळात मोठा चेंडू, मोठं भांडं, असं दोन्ही हातांशिवाय उचलता येणार नाही ते द्यायचं. पालथी झोपवून डावा हात अंगाखालून काढून पुढं ठेवायचा. कडेवर घ्यायचं ते डाव्या कडेवर, म्हणजे तिचा डावा हात पुढं मोकळा राहतो. बोलत राहायचं, हसत राहायचं, ती थकली की थांबायचं. "आणि दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "तिच्याकडून जे हवं ते आधी तुम्ही तिच्यासमोर करा, मूल बघून करतं. आणि वस्तू पुढं धरली की थांबा. हात येईपर्यंत थांबा. मदतीची घाई घरातली माणसंच जास्त करतात."

माझी रजा संपली होती. दिवसा मुलगी आत्यांकडं. नवरा आता बदलला होता, सकाळी कामावर जायच्या आधी जमिनीवर पडून तिच्याशी चेंडू खेळायचा. पण दुपारच्या मोज्याचं मी रोज विचारायचे आणि आत्या रोज "व्हय, घातलाता की" म्हणायच्या. तरी थेरपिस्ट बाई दर वेळी हात बघून कपाळाला आठ्या घालायच्या. घरी नीट करताय ना, विचारायच्या. मी हो म्हणायचे.

मुलगी वर्षाची होत आली होती. एके दिवशी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर मोजा आत्यांच्या कमरेला खोचलेला, मुलगी उजव्या हातानं चुरमुरे खातेय, आणि डावा हात आत्यांनी तिच्या झबल्यात आत घातलेला. बाहेरून दिसू नये असा.

माझं डोकं फिरलं. मी मोजा ओढून काढला. "किती दिवस चाललंय हे?"

"रडतंय ते," आत्या म्हणाल्या. "चांगला हात बांधायचा आणि अधू हाताला म्हणायचं, घे. मला बघवत न्हाय. आणि बायका येतात, इचारतात, हात का असा धरतीया म्हणून. पोरीची जात हाय. उद्या कोण काय म्हणंल?"

"लोकांनी बघू नये म्हणून हात झाकलात? आधी उजव्याचं कौतुक करून करून कुणाला डावा बघू दिला नाही, आता डावाच आत घातलात. त्या हातानं ही उद्या वेणी घालणार आहे का नाही? बटण लावणार आहे का नाही? वेळ निघून चाललाय आत्या, आणि तो तुम्ही घालवताय!"

एवढं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांच्या वयाच्या बाईला असं बोलू नये हे मला समजत होतं, आणि तरी मला थांबायचं नव्हतं. आत्या उठल्या आणि आत गेल्या. मुलगी घाबरून रडायला लागली. मी तिला घेतलं, मोजा चढवला आणि रागारागानं तिच्या डावीकडं चुरमुऱ्यांची वाटी ठेवली. तिनं हात पुढं केलाच नाही. माझा चेहरा बघून कोण करेल?

पुढं काही दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. दुपारी मोजा घातला जातो का नाही, मी विचारणं सोडलं. विचारून खोटं ऐकण्यापेक्षा मुलीला पाळणाघरात ठेवावं, असं मी नवऱ्याशी बोलत होते. तो आईला कसं सांगायचं या काळजीत होता. घरात नुसता तणाव झाला होता, भांडं पडलं तरी सगळे दचकायचे.

त्या शनिवारी मी कामावरून आले तेव्हा आत्या बाहेर जायच्या तयारीत होत्या. "चल, मारुतीला जाऊन येऊ," म्हणाल्या. मुलगी त्यांच्याजवळ बसली होती आणि तिच्या उजव्या हातावर मोजा होता. मला दाखवण्यापुरता घातला असेल, देवळाच्या पायरीवर निघेल, असं मला वाटलं. मी मुलीला डाव्या कडेवर घेतलं आणि त्यांच्यामागं चालू लागले.

गल्लीच्या टोकाचं लहानसं देऊळ, शनिवारची रांग. पायरी आली. आत्यांनी चपला काढल्या, घंटा वाजवली, मोज्याला हात लावला नाही. रांग पुढं सरकली. गुरवकाका तीर्थ देत होते आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत होते. ह्या बाईनं जन्मात प्रसाद डाव्या हातानं घेतला नव्हता, दुसऱ्या कुणी घेतला तर त्याला तिथंच सुनावलं होतं. आता मोजा ओढतील, मी अडवीन, आणि देवासमोर, सगळ्या गल्लीसमोर आमचं वाजणार. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली होती.

आमची पाळी आली. गुरवकाका मुलीकडं बघून हसले. "ये गं बाळा. उजवा हात काढा तिचा पुढं. मोज्यात कशाला गुंडाळलाय?"

मी तोंड उघडलं, पण आत्या माझ्या पुढं झाल्या. "काका, आधी मला द्या," म्हणाल्या, आणि हात पुढं केला.

डावा.

गुरवकाका थांबले. म्हाताऱ्या माणसाची चूक होते, तशी झाली असेल असं त्यांना वाटलं. हळूच म्हणाले, "मावशी, हात..."

"दिसतोय मला. त्योच हाय. द्या."

मागं कुजबुज झाली. गुरवकाकांनी एकदा मारुतीकडं बघितलं आणि त्या तळव्यावर खोबरं ठेवलं. आत्यांनी ते मुलीच्या डोळ्यांसमोर धरलं, डाव्या हातानंच कपाळाला लावलं आणि खाल्लं. मग म्हणाल्या, "बघितलंस आज्जीनं कसं घेतलं? आता तू."

मुलीनं त्यांच्या हाताकडं बघितलं. मग गुरवकाकांच्या हातातल्या खोबऱ्याकडं. माझ्या कडेवर तिचं अंग ताठ झालेलं मला जाणवलं. डावा हात उचलला, थरथरला, पुढं आला. मूठ मिटलेलीच. मला ती उघडून द्यावीशी वाटत होती, मी ओठ चावून उभी राहिले. मागून कुणीतरी "चला की पुढं" म्हणालं. मग अंगठा बाहेर आला. त्याच्यामागून बोटं, अर्धीमुर्धी. गुरवकाकांनी घाईनं त्यात तुकडा ठेवला. बोटं मिटायच्या आत तो घसरला आणि फरशीवर पडला.

मुलीचा ओठ वाकडा झाला. आत्या खाली वाकल्या, पडलेला तुकडा उचलून पदराला बांधला आणि गुरवकाकांपुढं उभ्या राहिल्या.

"दुसरं द्या," त्या म्हणाल्या, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ह्याच हातात. आम्ही थांबतो."